आत्यांचं माहेर आणि साबणाच्या वडीएवढं यंत्र

आत्या आज पहाटे गेल्या.

एरवी सगळ्यांना ऐकवून जायच्या, आज मात्र न सांगता.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या हुबळीकडं सासूला आत्याच म्हणतात. सकाळपासून फोन चालू आहेत, सगळे हळू आवाजात बोलतायत. आणि मला मेलीला सारखं हसू येतंय, कारण मला आठवतेय ती आमची अळणावर गावाकडची ट्रिप.

फोनमध्ये नकाशे यायच्या आधीची गोष्ट. दिरानं अमेरिकेहून जीपीएसचं यंत्र आणलं होतं, पिवळं, साबणाच्या वडीएवढं. आमच्या ह्यांना त्यापायी जिओकॅशिंगचं वेड लागलं.

खेळ असा. एकानं रानात डबा लपवायचा आणि त्या जागेचे आकडे सांगायचे. दुसऱ्यानं यंत्र घेऊन तो शोधायचा. डब्यातलं काहीतरी घ्यायचं, आपलं काहीतरी ठेवायचं.

जगभर लोक खेळतात म्हणे. हुबळीत दोघेच होते. आमचे हे आणि त्यांचा मित्र बसू.

जुन्या हुबळीत आमचं भांड्यांचं दुकान, त्यामुळं डब्यांना तोटा नव्हता. आत्या म्हणायच्या, "लोक डबे विकतात. माझा लेक जंगलात नेऊन पुरतो!"

बसूला पडकी घरं फार आवडायची. अळणावरच्या पुढं डोंगरात अशी शेतकऱ्यांची घरं आहेत, माणसं कधीच सोडून गेलेली. एकदा आमच्याकडं चहा पिताना तो म्हणाला, "या वेळी सोपं नाही हं. ओढ्याच्या वर एकटंच घर आहे. मागं फणस, आणि फणसाच्या खोडात लोखंडी कडी रुतलीय. डबा तिथं."

आत्यांच्या हातातली बशी तशीच राहिली.

"ती कडी माझ्या अप्पांनी ठोकलीय. म्हैस बांधायला."

म्हणजे बसूचं ते पडकं घर आत्यांचं माहेर!

आत्यांचे वडील गेले, मग भाऊ बेलूरला फॅक्टरीत लागले आणि डोंगरावरचं घर सुटलं. आत्या भावांकडं जायच्या, साडी-चोळी घेऊन यायच्या. पण म्हणायच्या, "तो भावांचा संसार गं. माहेर कुठलं ते." एकदा ते घर बघायचं, एवढंच त्यांना हवं होतं. आम्ही म्हणायचो, बघू, जाऊ. वाटच राहिली नाही तर जायचं कुठून?

आता आकडे होते.

"मी येतो तुमच्याबरोबर," आत्या म्हणाल्या. (आमच्याकडच्या जुन्या बायका 'येतो, जातो'च म्हणतात.)

"आई, गुडघे!"

"गुडघे माझे आहेत. तू तुझं यंत्र सांभाळ."

रविवारी आम्ही तिघं आणि बसू निघालो. पॅसेंजरनं अळणावर, पुढं जीप, मग पायी. पिशवीत भाकरी, शेंगाची चटणी आणि आत्यांची बडबड. "इथं आमची आंबराई," "इथं मी साप बघितलेला." ओढ्यापर्यंत झकास.

ओढा ओलांडला, झाडी दाट झाली आणि यंत्राचं डोकं फिरलं. बाण एकदा इकडं, एकदा तिकडं.

"ठेव ते खिशात," आत्या म्हणाल्या. "चला माझ्यामागनं."

ठसक्यात पुढं निघाल्या. अर्ध्या तासानं आम्ही परत त्याच ओढ्यावर!

"दारी तप्पैतरी, अव्वा!" बसूनं कपाळाला हात लावला. वाट चुकली, हे सांगायला त्याची गरज नव्हती. डबा ठेवायला तो डोंगराच्या पलीकडनं चढला होता, ही बाजू त्यालाही नवीच.

हे घड्याळ बघून म्हणाले, "आई, परत फिरूया. गाडी चुकेल."

आत्या दगडावर बसल्या आणि पदरानं तोंड पुसत राहिल्या. माझ्याशी रोज भांडणारी बाई अशी गप्प बसलेली मी पहिल्यांदाच बघितली.

आणि तेवढ्यात मला वास आला.

मे महिना. पिकून फुटलेल्या फणसाचा वास लपतोय होय! मी हुंगत पुढं, सगळे माझ्यामागनं. चढ संपला आणि घर समोर उभं. छप्पर नाही, मागची भिंत ढासळलेली, दाराची चौकट मात्र शाबूत.

बसू आणि हे डब्याकडं पळाले. (डबा माकडांनी कधीच लांबवला होता.)

आत्या उंबऱ्यापाशी थांबल्या.

"जा की आत," मी म्हटलं.

"असं कसं जाऊ? किती वर्षांनी आलोय मी. आतनं कोणीतरी यायला पाहिजे ना गं."

खरंच की. लेक लांबून माहेरी आली की आतली बाई दारात येते. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकते, पायांवर पाणी घालते, मगच लेक उंबरा ओलांडते. आणि आत तर नुसतं गवत.

मी पिशवी घेतली. वळसा घालून मागं गेले, पडकी भिंत चढून आत उतरले. साडी फाटली. आतून दारापर्यंत आले आणि भाकरीचा तुकडा हातात घेऊन ज्या बाईला मी जन्मात "अहो आत्या"शिवाय हाक मारली नव्हती, तिला म्हटलं,

"आलीस का गं, शांते? दमलीस? ये."

रिकाम्या हातानं परत आलेल्या ह्यांचं तोंड उघडंच राहिलं. सुनेनं सासूचं नाव घेतलं!

आत्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. तुकडा ओवाळून टाकला, बाटलीतलं पाणी पायांवर घातलं. आत्या उंबरा ओलांडून आत आल्या, नाक पुसलं आणि म्हणाल्या,

"किती वेळ लावलास दारात यायला!"

मग तिथं बसून भाकरी खाल्ली. फणस खाल्ला. गाडी चुकली.

त्यानंतर घरात कुणाशी भांडण झालं, ह्यांच्याशी असो, नातवंडांशी असो, अगदी माझ्याशी असो, आत्या उशी काखेत मारायच्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "मी माहेरी जातो!"

आणि माझ्या खोलीत येऊन झोपायच्या.

शांते, सुखानं जा गं.
भावपूर्ण श्रद्धांजली, तुझ्या माहेराकडून.