ब्लॉक? खंयचो?

कुणाच्याही तोंडून ‘ब्लॉक’ हा शब्द निघाला की आबा राऊळ आधी विचारायचे, “खंयचो?” म्हणजे, कुठला? घाटकोपरच्या चाळीत ते आमचे शेजारी. मूळचे मालवणकडचे, नोकरी एका छापखान्यात ब्लॉक बनवायची. म्हणजे जस्ताच्या पत्र्यावर उलटी अक्षरं उठवायची आणि पत्रा लाकडावर ठोकायचा. तो कागदावर दाबला की सगळं सुलटं छापलं जायचं. माझी आई ओरडली, “अहो आबा, मोरी ब्लॉक झाली हो!” की आबा सळई घेऊन हजर. तरी वर विचारणार, “खंयचो ब्लॉक, वैनी? माजो की मोरीचो?”

पण त्यांचा जीव अडकला होता तिसऱ्याच ब्लॉकात. तेव्हा फ्लॅटला आम्ही ब्लॉकच म्हणायचो. संडास घरात असला की झाला ब्लॉक! त्यांची बायको शेवंतीकाकी लग्न होऊन आल्यापासून रोज सकाळी डबडं घेऊन चाळीच्या रांगेत उभ्या. आबांना ते बघवत नसे. “एकदा हिका आपल्या घरात कडी लावताना बगूचा आसा,” म्हणायचे. दिंडोशीच्या नव्या वसाहतीसाठी अर्ज करून बसले होते.

एकदा कामावर चक्कर येऊन पडले. दवाखान्यात मी सोबत होतो. डॉक्टर कागद बघत म्हणाले, “राऊळ, ब्लॉक आहे.” आबा ताडकन उठून बसले. “खंयचो? दिंडोशीचो?”

“हृदयातला,” डॉक्टर म्हणाले. “जिने चढायचे नाहीत.”

आणि नशीब बघा, पुढच्याच महिन्यात दिंडोशीचा नंबर लागला. तिसरा मजला, लिफ्ट नाही! काकींनी साफ सांगितलं, “माका नको तो ब्लॉक. तुमी रवलात म्हणजे झाला.” आबांनी मात्र नव्या दारासाठी छापखान्यातून जस्ताची पाटी करून आणली. तिच्यावर स्वतःचं नाव नाहीच, फक्त ‘सौ. शेवंती राऊळ’. तेही उलटं! हाताची सवय, दुसरं काय. आम्ही पोट धरून हसलो. आबा चिडले, “ब्लॉक आसा तो! उलटोच असतलो!”

प्रत्येक वळणावर स्टुलावर बसत बसत ते तिसऱ्या मजल्यावर पोचले. पाटी स्वतः ठोकली. काकींनी आतल्या संडासाची कडी खट्‌कन लावली, तेव्हा हा माणूस बाहेर उभा राहून लहान पोरासारखा हसत होता. त्यानंतर ते खाली उतरलेच नाहीत. मी म्हटलं, चाळीत या एकदा, तर म्हणाले, “आता खाली कित्याक उतरू? जल्मभर खालीच तर रवलंय.” दिवाळीच्या आधी, तिथेच, झोपेत गेले. फार गोड माणूस हो.

तेराव्याला आम्ही गेलो. निघताना आईची नजर दारावर गेली. ती हळूच म्हणाली, “शेवंती, पाटीवर ‘सौ.’ आहे गं. लोक बोलतील. काढून टाकू या का?”

काकींनी पदराने पाटी पुसली.

“रवांदे तशीच,” त्या म्हणाल्या. “उलटी आसा. कोण वाचतलो?”