पहिले पान नसलेली पुस्तके

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी नगरच्या एका साप्ताहिकात उपसंपादक होतो. शब्दकोडे तयार करण्याचे कामही माझ्याकडेच होते. गाजलेल्या कादंबरीची पहिली ओळ छापायची, तिच्यातला एक शब्द गाळायचा आणि तो चौकोनांत भरायला सांगायचा, अशी एक नवी सूचना मी त्यात सुरू केली. संपादकांना ती आवडली. लोक पुस्तके पुन्हा उघडतील, असे ते म्हणाले.

अचूक उत्तरे पाठवणाऱ्यांची नावे पुढच्या अंकात येत. मिरजगावच्या एका गिरणीवाल्याचे नाव त्या यादीतून तोवर एकदाही सुटले नव्हते. या वेळी मात्र पहिल्या ओळीचे चार चौकोन त्याने कोरे ठेवले होते. बाकी सगळे बरोबर होते. नियमाप्रमाणे नाव गळले.

नंतर दुष्काळी कामांच्या बातमीसाठी कर्जत तालुक्यात गेलो, तेव्हा मिरजगावला गिरणीत डोकावलो. रेशनचा मिलो, म्हणजे ती परदेशातून आलेली लाल ज्वारी, दळायला बायकांची रांग होती. मागच्या खोलीत गावाचे वाचनालय होते. तेही हाच गृहस्थ चालवत असे. मी ओळख सांगितली. रांगेतली एक म्हातारी इंजिनाच्या आवाजावर ओरडली, "ह्येंनीच तुजं नाव काटलं व्हय रं? धा दिस झालं, त्वांड पाडून बसलाय!"

"त्यांनी न्हाई, मावशे. मीच रिकामं सोडलं."

उभ्या शब्दांवरून अक्षरे मिळाली असती, असे मी म्हणालो.

"मिळाली हुती. पर भरली न्हाई."

त्याने कपाटातून ती कादंबरी काढली. ती पाचव्या पानापासून सुरू होत होती. वाचनालयातली बहुतेक पुस्तके शहरातल्या वाचनालयांनी काढून टाकलेली होती. कर्जतचा बाइंडर फाटकी पाने बाजूला करून उरलेली बांधून देई.

"शेवट बी न्हाईत लई पुस्तकांना," तो म्हणाला. "शेवट आमी चौघं बसून ठरवतो, सायेब. पर सुरुवात कशी ठरवायची? ह्ये पुस्तक चार डाव वाचलंय मी. तुमच्या पेपरात ती ओळ बगितली, तवा कळलं, गोष्ट सांगनारा म्हातारा हाय. आमी त्याला तरना समजत हुतो. मंग कुठल्या तोंडानं भरू?"

अशा सूचना बंद करतो, असे मी सांगितले.

"बंद करू नका. त्या ओळी आमाला दुसरीकडून मिळायच्या न्हाईत."

"आणि तुमचं नाव?"

त्याने गिरणीचा पट्टा सरळ केला. "त्या त्या आठवड्याला न्हाई आलं तरी चालंल."

"म्हंजी पुना त्वांड पाडनार!" म्हातारी म्हणाली, आणि रांग हसली. तो हसला नाही.

त्यानंतर उत्तरांमध्ये मी नुसता शब्द न देता पहिली ओळ पूर्ण छापू लागलो. त्याची सोडवलेली कोडी वर्षभर येत राहिली. पुस्तक धड असे तेव्हा सगळे चौकोन भरलेले असत. नसे तेव्हा तेवढेच कोरे. त्या कोऱ्या चौकोनांत काय असायला हवे, हे त्याला कळलेले आहे, हे मला माहीत होते. यादी लावताना मी ते चूकच धरत गेलो.