बेचाळीस तुती आणि तांबडा पट्टा

नोरबोय मीराबाला सकाळी कुणी सलाम केला, की तो आधी त्या माणसाच्या फावड्याकडे बघायचा आणि मग तोंडाकडे. पात्याला ओला चिखल दिसला, म्हणजे रात्री पाणी चोरलेलं, तर सलामाला उत्तर नाही. मीराब म्हणजे आमचा पाटकरी. कुणाच्या बागेला पाणी किती वेळ, पाळी कुणाची आधी, दारं कुणी धरायची, हे सगळं त्याच्या शब्दावर चालायचं. आक्कुदूकसारख्या वाळूत वसलेल्या गावात अडतीस वर्षं पाणी वाटलेल्या माणसाला कुणावर विश्वास उरला असता, तर ते नवल होतं.

एकदा पाळी नसताना सोबीरच्या खरबुजांना रातोरात पाणी मिळालं होतं. सोबीर तेव्हा तरुण होता, अजून मोहल्ल्याचा अक्सकाल, म्हणजे पुढारी, झाला नव्हता. नोरबोय सकाळी घरोघर फावडी बघत फिरला. सगळ्यांची जुन्या, वाळलेल्या चिखलानं माखलेली. सोबीरचं मात्र घासूनपुसून भिंतीला टेकवलेलं.

"सगळ्या गावाच्या फावड्यांना चिखल, आणि तुझंच तेवढं लग्नातल्या ताटासारखं चकचकीत?" नोरबोय म्हणाला.

सोबीरच्या दोन पाळ्या कापल्या गेल्या. सोबीर पुढे अक्सकाल झाला, त्याची दाढी पिकली, पण ते ताट काही तो विसरला नाही.

पुढे वाळवंटात गॅस सापडला आणि गाव फुगायला लागलं. चार मजली इमारती आल्या, दूरदूरच्या गावांची माणसं आली, आणि चौथ्या वर्षी प्रांताच्या शहरातून मुनिसा नावाची एक बारीकशी मुलगी आली. खांद्याला नकाशांची नळी, पायांत पुरुषी बूट. तिचं काम होतं गावाला बागा आणि पायवाटा आखून देणं. खारट पडीक जागेवर मोठी बाग, शाळेपासून दवाखान्यापर्यंत चालायची वाट, आणि त्या वाटेवर सावली. गावात सावली होती एकाच ठिकाणी. मोठ्या पाटाच्या काठानं, बेचाळीस तुतींची.

पाटाला पहिल्यांदा पाणी आलं त्या वर्षी एकवीस घरांनी दोन-दोन रोपं लावली होती. नोरबोयच्या घरची त्याच्या बायकोनं, सनोबरनं लावली. एक पहिल्याच हिवाळ्यात गारठून गेलं, तिथे शेजाऱ्यानं दुसरं लावलं. राहिलेलं पाटाच्या पाणी सोडायच्या मोठ्या दारापाशी वाकडंतिकडं वाढलं, पाण्यावर ओणवं. सनोबर त्याच्याखाली भांडी घासायची. ती जाऊन सहा वर्षं झाली होती. नोरबोय झाडाशी बोलत वगैरे नसे, पण दुपारचा चहा तो तिथेच घ्यायचा, आणि तिथे दुसरं कुणी बसलेलं त्याला खपत नसे.

मुनिसानं मोहल्ल्याच्या दिवाणखान्यात सभा घेतली. सतरंजीवर नकाशा पसरला आणि प्रत्येकाच्या हातात जर्दाळूची एकेक बी दिली. "तुम्हाला सावली कुठे हवी, बाक कुठे हवा, तिथे बी ठेवा. आणि वाटेबद्दल काही सांगायचं असेल तर सांगा."

लोक हसत हसत वाकले. कुणी शाळेपाशी ठेवली, कुणी बसथांब्यापाशी. एका म्हाताऱ्यानं स्वतःच्या दारातच ठेवली. नोरबोयनं आपली बी खिशात टाकली.

"नोरबोय आका, तुमची?" सोबीर अक्सकालनं विचारलं.

"माझी माझ्यापाशी आहे."

"अहो, विचारताहेत आपल्याला. इतक्या वर्षांत कुणी विचारलं होतं?"

"तेच म्हणतो मी," नोरबोय म्हणाला. "इतक्या वर्षांत विचारलं नाही, मग आत्ताच का?"

सोबीरनं आपली बी दवाखान्यापाशी ठेवली.

घरी सुनेनं, गुलचेहरानं, चहा ओतता ओतता त्याला फैलावर घेतलं. तिला ती वाट हवी होती. धाकटीला गाडीत घालून दवाखान्यात न्यायचं म्हणजे वाळूत चाकं रुतायची, आणि उन्हानं पोरीचं तोंड टोमॅटोसारखं व्हायचं.

"ओता, उद्या सूर्य वेळेवर उगवला तरी तुम्हाला त्यात काहीतरी काळंबेरं दिसेल."

"वेळेवर उगवतो का बघ आधी," सासरा म्हणाला.

आणि मग तो तांबडा पट्टा आला. नवरोजच्या, म्हणजे वसंतातल्या नव्या वर्षाच्या, दोन आठवडे आधी मुनिसा रंगाचा डबा घेऊन पाटाच्या काठानं फिरली. एकेका बुंध्यावर थाप मारायची, वर फांद्यांकडे बघायची, आणि छातीएवढ्या उंचीवर रंगाचा पट्टा ओढायची. नोरबोय पलीकडच्या काठावर बसून मोजत होता. बेचाळीसपैकी सदतीस झाडांना पट्टा. पाच सोडली. त्यांतली चार वाळलेली होती. पाचवं सनोबरचं.

"काय गं पोरी, हे कशाला?" त्यानं पाण्यावरून विचारलं.

"तांबडा पट्टा म्हणजे झाड राहणार, बोबो. कापणारे येतील तेव्हा त्यांना कळायला नको?"

नोरबोयनं मान हलवली आणि घरी निघून आला. येताना त्याच्या डोक्यात पाट फुटल्यासारखे विचार वाहत होते. जन्मभर त्यानं मेंढरं बघितली होती. ठेवायच्या मेंढराला कुणी रंग लावत नाही. तांबडा हात फिरतो तो खाटकाकडे जायच्या मेंढराच्या पाठीवर. वाळलेली चार का सोडली? वाळकं लाकूड कुणाला हवंय. तुतीच्या चांगल्या लाकडाचे दुतार, म्हणजे दोन तारांची वाद्यं, होतात, शहरात त्याला मागणी असणार. आणि सनोबरचं झाड का सोडलं? ते तर हिरवंगार आहे. इथे येऊन नोरबोयची खात्रीच पटली. गावात तोंड उघडेल असा माणूस एकच, त्याचं झाड सोडलं की त्याचं तोंड बंद. मुलगी दिसते बारीक, पण डोकं मोठं आहे.

स्वतःचं एक वाचलं म्हणून गप्प बसायचं आणि एकवीस घरांची सदतीस जाऊ द्यायची? असली लाच त्यानं कधी घेतली नव्हती. खरबुजाचीसुद्धा नाही.

नवरोजच्या आधी आमच्याकडे हशर निघतो. अख्खा मोहल्ला आपणहून बाहेर पडतो, गल्ल्या झाडतो, पाटातला गाळ उपसतो आणि झाडांचे बुंधे कमरेपर्यंत चुन्यानं रंगवतो. पाटावरच्या तुती रंगवायच्या त्या मीराबानंच, ही जुनी वहिवाट. हशरच्या आदल्या दिवशी नोरबोय विळा घेऊन निघाला. तुतीची जुनी साल पोपडे धरते. एकेका पट्ट्यावरची साल त्यानं अशी बेतानं तासली, की झाडाला ओरखडा नको आणि तांबड्याचा ठिपका नको. पोपडे पाटात सोडून दिले.

गुलचेहरा कपडे धुवायला आली होती. "ओता, नवरोजसाठी तुतींची हजामत चाललीय का?"

"किडे झालेत सालीत."

"तांबड्या रंगाचे?"

"तू धुणं धू."

दुसऱ्या दिवशी, पलीकडे पुलावाची कढई चढत होती तेव्हा, त्यानं बेचाळीसही झाडांना चुन्याचे दोन हात दिले. छातीपर्यंत. संध्याकाळी रांग लष्करी बँडासारखी पांढरीशुभ्र उभी होती. मुनिसा त्या आठवड्यात शहरात होती, तेही बरंच झालं. आता करवतवाल्यांना कळणारच नाही कुठली न्यायची ते. माघारी जातील. नोरबोय त्या दिवशी पुलावाच्या दोन ताटल्या जेवला.

नवरोज झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा पियाला तोंडाला लावला आणि त्याला करवतीचा आवाज आला. सत्तरी ओलांडलेला माणूस पळाला असं म्हणवत नाही, पण गुलचेहरा सांगते की सासऱ्याची एक चप्पल अंगणात होती आणि दुसरी रस्त्यात.

पाटावरच्या पुलाजवळचं पहिलं झाड आडवं झालं होतं. हिरव्या कळ्या फुटलेलं, निरोगी. मुकादम दुसऱ्या झाडाच्या बुंध्याला दोरी बांधत होता.

"थांब," नोरबोय म्हणाला, आणि त्या झाडाला पाठ लावून बसला. "कुणी सांगितलं कापायला?"

मुकादमानं शांतपणे खिशातून कागद काढला. "हे बघा आजोबा, मला वाचता येतं. तांबडा पट्टा असेल ते ठेवायचं, बाकीचं पाडायचं. तुम्हीच दाखवा, इथे तांबडं कुठाय?"

नोरबोयनं कागद घेतला. अक्षरं टंकलेली होती, सही मुनिसाची. तारीख पट्टे ओढायच्याही आधीची. म्हणजे कागदावरही तेच, पाण्यावरून सांगितलं तेही तेच. अडतीस वर्षं लोकांचं खोटं पकडत आलेल्या माणसाला खरं समोर आलं तेव्हा ओळखताच आलं नव्हतं. पडलेल्या झाडाच्या कापातून पांढरा चीक ओघळत होता. त्या झाडाला पट्टा होता. त्याला पक्कं आठवत होतं, पुलापासूनचं पहिलं, पट्टा जरा तिरका.

तोवर सोबीर अक्सकाल आला, मागोमाग बूट आपटत मुनिसा. तिनं आडवं झाड बघितलं, मग पांढरी रांग.

"माझे पट्टे कुठे गेले?"

सोबीरनं रांगेवरून नजर फिरवली, एकदा खाली, एकदा वर. त्याच्या दाढीत काहीतरी हललं.

"नोरबोय आका," तो म्हणाला, "सगळ्या गावाच्या झाडांना चुना कमरेपर्यंत. तुमच्याच तेवढ्या तुती छातीपर्यंत नटल्यात. लग्नातल्या ताटासारख्या."

वीस वर्षं त्यानं ते वाक्य सांभाळून ठेवलं होतं. पण म्हणून झाल्यावर त्याला हसू आलं नाही, कारण नोरबोयनं मान खाली घातली होती. गावानं असं कधी बघितलेलं नव्हतं.

"मीच काढले," नोरबोय म्हणाला. "विळ्यानं."

"नकाशावर मी नुसती रांग दाखवलीय," मुनिसा हळू आवाजात म्हणाली. "वहीत आकडा आहे, सदतीस. कुठली ते झाडांवरच होतं." ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. "बोबो, तुम्हाला आठवतात?"

नोरबोयनं तिच्याकडे निरखून बघितलं. ही मला विचारतेय. मी सांगेन ते ही मानणार. यात काय डाव असेल, म्हणून त्यानं क्षणभर शोधलंही, पण सापडला नाही. मग एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. पट्टा म्हणजे राहणार. सनोबरच्या झाडाला पट्टा नव्हता. ते जाणार होतं, पहिल्यापासूनच. आणि आता एखाद्या झाडाचा पट्टा सांगायचा विसरून तो सनोबरच्या झाडावर सांगितला, तर आकडा सदतीसच भरणार होता. पकडणारा कुणी नव्हता. पकडणारा गावात एकच होता, आणि तो स्वतःच.

तो उठला. अनवाणीच चालू लागला. "पहिलं पडलंय, त्याला होता. याला होता. याला होता. हे वाळलंय, नव्हता." मुनिसा मागून खडूनं खुणा करत होती. अकराव्या आणि तेविसाव्या झाडापाशी तो थांबला. "यांना होता, पण तू चुकलीस. आतून पोकळ आहेत. चांगली थाप मार." तिनं थाप मारली, कान लावला आणि खडू पुसला.

पाटाच्या मोठ्या दारापाशी तो आला आणि उभाच राहिला. वाकड्या बुंध्यावर त्याच्याच हातचा चुना होता. सोबीरनं दुसरीकडे बघितलं. ते झाड कुणाचं, हे गावात मुनिसाला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

"याला," नोरबोय म्हणाला, आणि जरा वेळानं, "याला नव्हता."

पुढची सगळी झाडं त्यानं न थांबता सांगितली. शेवटाला पोचल्यावर म्हणाला, "ते दाराजवळचं का सोडलंस?"

"वाट तिथूनच जाते, बोबो. दाराला लागून, याच काठानं."

"मग दर वसंतात फावड्यानं शोधत बस तुझी वाट. गाळ उपसतात तो दाराच्या या काठावर टाकतात, माणसाच्या उंचीचा ढीग होतो. पलीकडे टाकता येत नाही, तिकडे उतार आहे, सगळा परत पाण्यात. मीराब बदलला तरी गाळ बदलत नाही."

मुनिसानं काठाकडे बघितलं. हशरचा गाळ अजून तिथेच वाळत पडला होता. तिनं नळीतून नकाशा काढला आणि जमिनीवर पसरला. मग दाराच्या अलीकडे एक छोटा पूल काढला आणि वाट पलीकडच्या काठावर नेली.

"हे तुम्ही सभेत का नाही सांगितलं? मी विचारलं होतं."

"विचारलंस म्हणूनच नाही सांगितलं," नोरबोय म्हणाला. यात लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यानं खिशातून जर्दाळूची बी काढून तिच्या हातावर ठेवली. "ही राहिली होती."

"कुठे ठेवू?"

"पुलाजवळ. त्या पडलेल्याच्या जागी नवं रोप लाव. पाणी मी घालीन."

वाट त्या वर्षीच झाली. दाराजवळ ती का वळते, असं नवीन माणसं विचारतात, आणि जुनी माणसं त्यांना बसवून घेऊन हे सगळं पहिल्यापासून सांगतात. गुलचेहराची गाडी न रुतता दवाखान्यापर्यंत जायला लागली. नोरबोय रोज सकाळी त्या वाटेनं शेवटापर्यंत चालत जायचा, बोटांवर मोजत. पस्तीस, सनोबरचं धरून. आणि परत येतानाही मोजायचा.

"ओता, जाताना मोजलीत ना?" सुनेनं एकदा विचारलं. "मग येताना कशाला?"

"मधे वेळ गेला ना," नोरबोय म्हणाला.