पश्चिमेकडची भिंत

तुये गावात कुणाच्या भिंतीला ओल आली, पोपडे सुटले, की गवंड्याच्या आधी सगुण बर्फवाल्याला बोलावणं जायचं. यात गवंड्यांचा अपमान नव्हता, सगुणचा हातच तसा होता. केरीच्या किनाऱ्याजवळ बर्फाच्या कारखान्यात त्याने एकतीस वर्षं काढली. पाळी सुरू झाली की बर्फाच्या कोठाराला बाहेरून एक फेरी मारायची, तळवा भिंतीवर टेकवून. जिथे भिंत गार लागेल तिथून आतली थंडी पळते आहे, हे उघड. सगुण तिथे खडूने फुली मारायचा, आणि भिंत फोडली की आतला थर्मोकोल तिथे हटकून खचलेला निघायचा. एकदा मडगावहून यंत्र घेऊन आलेला साहेब दोन दिवस मोजमापं घेत फिरला आणि शेवटी सगुणच्या फुलीपाशीच येऊन थांबला. सगुणने साहेबाला चहा पाजला. ती गोष्ट मात्र पुढची दहा वर्षं त्याने साऱ्या गावाला पाजली.

कारखाना सुटल्यावर तीन वर्षांत काचबिंदूने त्याचे दोन्ही डोळे नेले. जुन्या मातीच्या घरात त्याचं फारसं अडलं नाही. तिथले उंबरे, पायऱ्या, जमिनीतले खळगे पायांना तोंडपाठ होते. पण ते घर पाडून त्याच्या मुलाने, गौरेशने, त्याच जागी नवं बांधलं. नवं घर म्हणजे सगळा गुळगुळीत कारभार. फरशी सगळीकडे सारखी, उंबरा एकाही दाराला नाही, आणि भिंती अशा की एकीला झाकावं नि दुसरीला काढावं. सगुण दिवसभर हॉलमध्ये खुर्चीवर बसायचा. झाडलोट करताना खुर्ची कधी इकडे व्हायची, कधी तिकडे, आणि उठलं की तोंड कुठल्या दिशेला आहे तेच कळायचं नाही. पहिल्याच आठवड्यात तो न्हाणीकडे म्हणून निघाला, भलत्याच भिंतीला लागला आणि पंच्याची गाठ सैल करत थेट पुढच्या दारात उभा राहिला. सोप्यावर शेजारचा गोकुळदास बसला होता. गोकुळदास हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, असं सगुणला वाटलं.

मग त्याच्या हातानेच तोड काढली. पश्चिमेकडची भिंत दुपारी तापायची आणि निजानीज होईपर्यंत ऊब धरून असायची. खुर्चीतून उठायचं, भिंत लागेपर्यंत सरळ जायचं. भिंत ऊबदार असली तर उजवीकडे वळायचं, डावा तळवा तिच्यावर ठेवून चालत सुटायचं. भिंत संपली की न्हाणी. सकाळी पूर्वेच्या खिडकीतलं ऊन अंगावर यायचं, तेव्हा उन्हाकडे पाठ करून निघायचं. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. म्हातारा आता सगळं आपलं आपण करतो, याचं घरात कौतुक झालं, आणि ते त्याने खुशाल करून घेतलं.

मार्च निम्मा सरला आणि हॉलची भट्टी झाली. चार महिन्यांची नात, ऋतिका, तिथेच पाळण्यात असायची. तिच्या पाठीवर घामोळं फुटलं. गौरेश तुयेच्याच औद्योगिक वसाहतीत कामाला. तिथून त्याने उरलेले थर्मोकोलचे जाड पत्रे आणले. ते एकाच भिंतीला पुरणार होते.

"बाबा, खयची भिंत करूची? तुमीच सांगा."

पुढची सगळी वर्षं एकट्याने न्हाणीला जायचं, की दुपारनंतर दर वेळी कुणाला तरी हाक मारायची, हे या एका उत्तरावर होतं.

"उदेंतेची कर," सगुण म्हणाला.

"उदेंतेची? दनपारा तर अस्तंतेची तापता."

"बर्फ तू सांभाळलंस काय मी?"

"बरां," गौरेश म्हणाला, आणि पूर्वेकडच्या भिंतीची मापं घ्यायला लागला. मुलगा थोडा तरी वाद घालील असं सगुणने धरलं होतं. इतक्या वर्षांत त्याने एकही खोटी फुली मारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं. गौरेशची बायको पल्लवी ओल्या फडक्याने तिला पुसत होती आणि पुसता पुसता फोनवर आईला सांगत होती, "आयतवारी उदेंतेची भिंत करतत. बाबांनी सांगल्यानी म्हणजे ता बरोबरच असतला."

सगुण आवाजाच्या रोखाने गेला. चाचपत त्याने पोरीच्या पाठीवर तळवा ठेवला. पाठ भाजत होती, आणि रव्यासारखे दाणे हाताला लागत होते. त्या हाताला यापुढे काही समजावता येईना.

"बाय, अस्तंतेची करा," तो म्हणाला. "मी खोटां सांगलंय."

पल्लवीने फोन ठेवला. "कित्याक, बाबा?"

"ती भिंत गार झाली काय माका न्हाणी सापडूची नाय. मग दर खेपेक तुका हाक मारूची लागतली."

"माका हाक मारूक लाज कसली?"

"तुका नाय गो. माका."

रविवारी दिवसभर हॉलमध्ये हातोडा वाजत राहिला. आधी लाकडी पट्ट्या, त्यावर पत्रे, वरून इतर भिंतींसारख्याच गुळगुळीत फळ्या. सगुण पूर्वेकडच्या भिंतीला पाठ लावून बसला होता. संध्याकाळी सगळं आवरल्यावर तो उठला आणि सरळ चालत गेला. हाताला गार फळी लागली. चला, संपलं, असं मनात म्हणत त्याने हात खाली सोडला, तर कमरेच्या जरा वर बोटं आत गेली. चार बोटं रुंदीची पट्टी उघडीच ठेवलेली होती, आत नुसता गिलावा, ऊबदार. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती.

"गौरेशा, हा काय केलंस? हंयसून सगळी गरमी भितर येतली!" तो ओरडला. "असली भिंत कारखान्यात कोणी केली असती तर मी त्येका उभो करून घेतलंय नसतंय!"

"येवंदे," पल्लवी म्हणाली. "तितकी आमका सोसवता."

डावी बोटं पट्टीत ठेवून सगुण चालत गेला. न्हाणीचं दार त्याने आतून लावून घेतलं, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ मोठा सोडला आणि पोटभर रडला.