कण्हेरीचं कुंपण

आमचे वडील पंचवटीत टांगा चालवायचे, आणि कुणाच्याही दारात गेले की माणसांआधी झाडं बघायचे. कुठे एरंड आहे का, धोतरा माजलाय का, हे हिंडून पाहिल्याशिवाय त्यांनी कधी घोडी बांधली नाही. त्यांचा पहिला घोडा घाटावरच्या निर्माल्यातली कण्हेर खाऊन गेला होता. तेव्हापासून कण्हेर म्हणजे त्यांची सात जन्मांची वैरीण.

आणि मी बया नेमकी कण्हेरीच्या कुंपणावरून प्रेमात पडले! गंगापूर रोडला तेव्हा मळेच मळे. एक आमच्या मावशीचा, शेजारचा फुलवाल्यांचा, आणि बांधावर ही दाट गुलाबी कण्हेर, कारण तिला गुरं तोंड लावत नाहीत. पलीकडून एक मुलगा शेवंती खुडता खुडता माझ्याकडे बघून हसायचा. खुडायचा कमी, हसायचा जास्त. मावशीने ते हेरलं आणि त्याचंच स्थळ सुचवलं. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

वडील बघायला गेले आणि चहाही न घेता परत आले. मुलगा चांगला, घर चांगलं, पण बांधाला कण्हेर. लेकीकडे गेलो तर घोडी कुठे बांधू, म्हणाले. झालं! आईने कपाळावर हात मारला. मी अन्नत्याग केला. शेंगदाणे तेवढे गुपचूप चालू होते.

मावशीने ते मुलाच्या कानावर घातलं. तो पठ्ठ्या कुदळ घेऊन उठला आणि त्याने अख्खं कुंपण मुळासकट उपटून टाकलं. शेळ्या आता फुलं फस्त करतील म्हणून त्याची आई ओरडत राहिली, पण ऐकतो कोण! हे कळल्यावर वडिलांना इतका आनंद झाला, की आईला आणि मला टांग्यात घालून न कळवताच निघाले.

मोकळा बांध बघून ते इतके खूश, की जन्मात पहिल्यांदा फेरी न मारता त्यांनी घोडी सोडली. उपटलेल्या कण्हेरीचा ढीग घरामागेच वाळत पडला होता. वाळकं पान तितकंच विषारी, आणि घोडीला तर ते गवतच वाटलं. मुलगा धावला, त्याने सरळ तिच्या तोंडात हात घालून पानं बाहेर ओढली. ती त्याच्या बोटाला कडकडून चावली, तरी त्याने हात काढला नाही.

वडिलांच्या तोंडचं पाणी पळालं. पोटात किती गेलं कोण जाणे. पोहे तसेच गार झाले. दोन्हीकडची माणसं घोडीभोवती बसून तिचं तोंड बघत राहिली. मी मनात म्हणत होते, बाई, आज तू गेलीस तर माझं लग्नही गेलं. उन्हं उतरताना तिने खुशाल लीद टाकली आणि शेवंतीकडे मान वळवली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

वडील डोळे पुसत म्हणाले, "मुहूर्त काढा."

पुढे रिक्षा वाढल्या, टांगा बसला आणि घोडी आमच्याच मळ्यात राहायला आली. शेळ्यांनी सोडलेली शेवंती तिने संपवली. सासूबाई म्हणायच्या, कण्हेर लय बरी होती. वडील आले की चहाआधी मळ्याला फेरी मारायचे, पान न् पान बघत.

घोडी म्हातारी होऊन आपल्या मरणाने गेली, तरी त्यांची फेरी काही चुकली नाही. एकदा मी हसून विचारलं, आता कशाला?

"तू राहतेस ना इथं," म्हणाले, आणि बांधाकडे निघाले.