कॅप्टन तडाखा, आवाज बंद करून

बस स्थानकावर तिला सगळे माईकबाई म्हणत. चौकशीच्या खिडकीमागच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगायचं, हे तिचं काम. आवाज असा ठणठणीत, की तो ऐकला की कँटीनमधला कंडक्टर हातातला कप तसाच ठेवून उठायचा. समोर कागद ठेवायची तिला कधी गरजच पडली नाही. गाड्या, वेळा, फलाट, सगळं तोंडपाठ. घरी ती बोलायला लागली की नवरा म्हणायचा, "अगं हळू, शेजारचे पिशव्या घेऊन निघतील."

एका सकाळी नेहमीसारखी घोषणा चालू असताना तिच्या तोंडून निघालं, "धरणाकडे जाणारी गाडी चमच्यावर लागली आहे." फलाटावर हशा पिकला. चूक सुधारायला तिनं पुन्हा तोंड उघडलं, तर पुन्हा चमचाच. मग माईक तिच्या उजव्या हातातून सुटला आणि टेबलावर आपटला. तो आवाज साऱ्या स्थानकात घुमला. आगारप्रमुख धावत आले, तेव्हा ती खुर्चीत एका बाजूला कलली होती.

मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. जीव वाचला, पाय सावरला, उजवा हात अर्धामुर्धा परत आला. बोलणं मात्र गेलं. दुसऱ्यांचं तिला सगळं कळायचं, आपल्याला काय म्हणायचंय तेही मनात लख्ख असायचं, पण तोंडातून एकच शब्द निघायचा, "परवा". पाणी हवं असलं तरी परवा, खिडकी लाव म्हणायचं असलं तरी परवा. नवरा रंगारी, स्वभावानं गरीब. तो बिचारा तिच्यासमोर उकिडवा बसून विचारायचा, "पाणी? चहा? चष्मा? पंखा लावू?" आणि ती हात झटकून ओरडायची, "परवा! परवा!" एकदा या गोंधळात दोघांनाही हसू फुटलं. हसता हसता ती कधी रडायला लागली ते तिलाही कळलं नाही. नवऱ्याला रंगाच्या वासाच्या सदऱ्यानिशी तसंच तिच्याजवळ बसून राहावं लागलं.

बोलण्याचे उपचार करायला एक तरुण बाई घरी यायची. तिनं पहिल्याच भेटीत सांगितलं, "शब्द आत आहेत तुमच्या. नेहमीची वाट बंद झालीय, एवढंच. जुनं पाठ केलेलं काही असेल ना, ते कधीकधी दुसरीकडून बाहेर पडतं. गाणं येतं एखादं?"

गाण्याशी माईकबाईचं कधीच जमलं नव्हतं. आकडे म्हणून पाहिले, तर एक, दोन, परवा. "मग तुमच्या घोषणा?" असं बाईनं विचारताच तिनं मान फिरवली. तो फलाटावरचा हशा अजून तिच्या कानातून जात नव्हता.

तिचा धाकटा भाऊ फ्रिज दुरुस्त करायचा. एका रविवारी तो भला मोठा खोका बगलेत मारून आला. खोक्यावर निळा मुखवटा घातलेला, मुठी आवळलेला माणूस. "ताई, ओळख पाहू!"

न ओळखून सांगते कुणाला! कॅप्टन तडाखा. दिवसभर सायकलवरून टपाल वाटणारा साधा पोस्टमन आणि संकट आलं की मुठींतून ठिणग्या उडवणारा वीर. लहानपणी शेजारच्यांच्या टीव्हीवर दोघं भावंडं ही मालिका दाटीवाटीनं बसून बघायची आणि घरी येऊन सगळी परत खेळायची. मालिकेतल्या बायका नुसत्या किंचाळायच्या, म्हणून ताई कायम कॅप्टन व्हायची. भावाच्या वाट्याला यायचा खलनायक धूरराजा. आता कुणीतरी सगळे भाग स्वच्छ करून डीव्हीडीवर काढले होते. आणले ताईसाठी, असं भाऊ म्हणाला खरा, पण खोक्यावरचा कागद येतानाच रस्त्यात फाडलेला होता.

चकती लागली. सुरुवातीला माईकबाईचा जरा हिरमोडच झाला. आठवणीत ते शहर केवढं अवाढव्य होतं! इथे तर कॅप्टन पळतोय आणि मागून त्याच तीन इमारती पुन्हा पुन्हा सरकतायत. माणसांचे ओठ नुसते उघडमीट. धूरराजाचा आवाज तर पोस्टमास्तरचाच, नाकातून काढलेला. लहानपणी हे कसं लक्षात आलं नव्हतं? भाऊ मात्र गडी रंगात आला होता. "बघ बघ, आता पूल पाडणार हां!"

धूरराजानं पूल पाडला. कॅप्टन धुरातून पुढे आला, मूठ वर केली. आणि त्याच्याबरोबर, त्याच दमात, माईकबाई बोलली, "या शहराला हात लावलास तर गाठ माझ्याशी आहे!"

सबंध वाक्य. स्वच्छ.

भावानं घाईघाईत चुकीचं बटण दाबलं आणि टीव्हीच बंद पडला. नवरा हातातली पातेली तशीच घेऊन बाहेर आला. "कोण बोललं?" माईकबाई डाव्या हातानं टीव्हीकडे बोट करत होती. तिला म्हणायचं होतं, परत लाव. निघालं "परवा", पण या वेळी दोघांनाही ते बरोबर कळलं.

त्या दिवसापासून तिनं मालिकेचा पिच्छाच पुरवला. सकाळी हाताचा व्यायाम झाला की टीव्हीसमोर खुर्ची. उपचारवाल्या बाईनं चकती मागवून स्वतः भाग बघितले आणि युक्ती सांगितली. वाक्य सुरू झालं की थांबवायचं आणि उरलेलं आपण पुरं करायचं. मग त्यातला एखादा शब्द बदलायचा. हे शेवटचं मात्र काही केल्या जमेना. कॅप्टनची वाक्यं धडाधड यायची, पण जशीच्या तशी आणि भलत्या वेळी. नवऱ्यानं विचारलं, "भाजीत मीठ कमी झालंय का?" तर उत्तर आलं, "पळून पळून जाशील कुठे?" तो बिचारा खरंच स्वयंपाकघरात पळाला.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं. बिनसलं ते भावाच्या उत्साहामुळे. एका संध्याकाळी तो चुलतभाऊ, वहिन्या, सगळ्यांना घेऊन आला. "ताई, म्हणून दाखव ना! पुलाचं म्हण! ऐका हां सगळे." तिनं नकारार्थी मान हलवली. त्यानं पुन्हा आग्रह केला. तिला ओरडून सांगायचं होतं, की मी काय जत्रेतला पोपट आहे? पण तोंडाशी आलं ते कॅप्टनचंच, "गाठ माझ्याशी आहे!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनं रिमोट उचलून भिंतीवर भिरकावला. पाहुणे चपला घालून गुपचूप निघाले. भावाचा चेहरा पडला. "ताई, मला वाटलं तुला बरं वाटेल," तो म्हणाला. ती आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

आत पडल्या पडल्या तिनं एक गोष्ट मनाशी पक्की केली. उसनं बोलणं आता बस. बोलीन तर माझं बोलीन, नाहीतर परवा आहेच.

दुसऱ्या दिवशी नवरा कामावर गेल्यावर तिनं चिकटपट्टी लावलेला रिमोट घेतला, चकती लावली आणि टीव्हीचा आवाज पार बंद केला. चित्रं मुक्यानं हलू लागली. कॅप्टनचे ओठ हलले तेव्हा तिनं स्वतःचे घट्ट मिटून घेतले. त्याचं काही म्हणायचं नाही. मग म्हणायचं काय? पडद्यावर धूरराजाचं काळं विमान पुलाकडे येत होतं. कुठून आलं, कुठे चाललं, कुठे थांबणार. हेच तर ती आयुष्यभर सांगत आली होती! स्थानकाची आठवण आली. फलाटावरची माणसं पुन्हा हसताना दिसली. हसू देत, म्हणून ती ताठ बसली, दम घेतला आणि डाव्या हाताची मूठ माईकसारखी तोंडापुढे धरली.

"पु... पुलाकडे जाणारं... विमान..." घाम फुटला. "विमान... आलं आहे."

असं वाक्य मालिकेत कुठेच नव्हतं. ते तिचं होतं.

नंतर ती थांबलीच नाही. पोस्टमन सायकलवरून निघाला आहे. मांजर छतावर आहे. छताला कधी चमचा म्हटलं, सायकलला कधी पातेलं. चुकलं की चकती मागे घ्यायची आणि परत म्हणायचं. उपचारवाली बाई आली तेव्हा दारातच उभी राहून ऐकत राहिली. "हे कुणी सुचवलं?" माईकबाईनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. बाई हसली, पिशवी खाली ठेवून शेजारी बसली. "चला तर मग. आता मांजर छतावर का गेलंय तेही सांगायचं." ते फार अवघड होतं. त्या एका 'कारण'पायी अख्खा आठवडा गेला. त्याच आठवड्यात भाऊ बिचकत बिचकत आला. त्याला शेजारी बसवून ती म्हणाली, "बस. बोलू... नको. बघ." तो एवढ्यावरच खूश होऊन बघत बसला.

खोक्यातले सगळे भाग दोनदा संपले, तेव्हा ती आगारप्रमुखांना भेटायला गेली. नवरा बरोबर होता, पण त्याला तिनं बाहेरच्या बाकावर बसवलं. आगारप्रमुख माणूस चांगला. त्यांनी आधी चहा मागवला. मग म्हणाले, "बाई, तुमच्या जागेवर सध्या एक मुलगा आहे. तुम्हाला मी सामान ठेवायच्या खोलीवर बसवतो ना. तिथे बोलायचं काही कामच नाही."

"बोलायला... आले," ती म्हणाली.

"अहो, पण गर्दी असते. चुकलं तर लोक भलत्या गाडीत बसतील."

"चुकेन. मग... सांगेन. चुकले म्हणून."

आगारप्रमुखांनी कपाळ चोळलं. शेवटी सकाळी गर्दी ओसरल्यावरच्या गाड्या तिला देऊन बघायच्या ठरल्या. त्या मुलानं शेजारी बसायचं आणि गडबड झाली तर माईक घ्यायचा.

खोली तशीच होती. खुर्चीवर नवी उशी आली होती, तेवढाच काय तो फरक. तिनं माईक डाव्या हातात धरला. बाहेर धरणाची गाडी मागे मागे घेत लागत होती. "धरणाकडे... जाणारी गाडी... दोन नंबरच्या फलाटावर... लागली आहे." तिनं काचेतून पाहिलं. गाडी पाचवर होती. माणसं दोनकडे वळलीसुद्धा. मुलानं हात पुढे केला. तिनं माईक दिला नाही. "चुकले," ती साऱ्या स्थानकाला म्हणाली. "दोन नाही. पाच. पाच नंबर."

माणसं वळली. कुणीतरी वैतागून काही पुटपुटलं, एक बाई आपल्या लेकराला ओढत पाचकडे धावली, आणि गाडी भरली.

थोड्या वेळानं धरणाच्या गाडीचा ड्रायव्हर खिडकीत डोकावला. तो या मार्गावर नवीन होता, तिच्या आजाराचं त्याला काही ठाऊक नव्हतं. "बाई, जरा भराभर बोला की! तुमचं संपेपर्यंत माणसं दारातच ऐकत उभी राहिली. माझी गाडी निघायला उशीर होतोय."

माईकबाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "मग गाडी... लवकर लाव," ती म्हणाली आणि पुढच्या गाडीसाठी माईक उचलला.