धावजीनं दिलेली हाक

घाटंजीहून पांढरकवड्याच्या वाटेला लागलं की काही अंतरावर डाव्या हाताला गाडीची चाकोरी फुटते. त्या चाकोरीवर आधी बोरदरी गाव लागतं आणि गावाच्या पुढं, पळसांच्या दाटीत, बोरदरीचा तांडा. धावजी त्या तांड्यातला. तांड्याला नाईक होता, कारभारी होता, डफ वाजवणारे होते. धावजी यांतला कोणी नव्हता. त्याच्याजवळ थोडं मुरमाड रान होतं, रुपीबाई नावाची तिखट जिभेची बायको होती, आणि कबड्डीचं वेड होतं.

तो स्वतः कधी खेळला नाही. लहानपणी चिंचेवरून पडून त्याचा डावा पाय अधू झाला होता. लोकांनी आपल्या पायाकडं पाहू नये असं त्याला वाटे, आणि म्हणून की काय, तोही दुसऱ्या कोणाच्या पायाकडं पाहत नसे. तो ऐकायचा. मैदानाच्या मधल्या रेघेच्या टोकाशी उकिडवा बसायचा, डोळे अर्धे मिटायचा आणि चढाईला गेलेल्या गड्याचा दम ऐकायचा. कोणाचा दम उथळ, कोणाचा खोल, कोण परत येणार आणि कोण तिकडंच आपटणार, हे तो आधी सांगायचा. बरेचदा ते खरं व्हायचं. खोटं झालं तर त्या दिवशी गड्यानं काही खाल्लेलं नसायचं.

या दमाच्या वेडामागं एक हाक होती. धावजीचा आजा लदेणीवर जायचा. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून तो तेलंगणापर्यंत जाऊन यायचा. बैलांचा तांडा नदीच्या पाण्यात शिरला की आजा काठावर उभा राहून हाक धरायचा, "हूऽरो, हूऽरो, हूऽरो". पहिला बैल पाण्यात पाय टाकी तेव्हा सुरू झालेली हाक शेवटचा बैल पलीकडं निघेपर्यंत एकाच श्वासात चालायची. मध्ये हाक तुटली तर बैल धारेत थांबतात, असं आजा सांगायचा. मग आगगाडी आली, लदेणी बसली, बैल विकले गेले. हाक तेवढी घरात राहिली. आजानं ती धावजीला दिली, आणि धावजीनं आपल्या बहिणीच्या, सुखीबाईच्या मुलाला, धरमसिंगला.

धरमसिंग तीच हाक धरून कबड्डीची चढाई करायचा. तेव्हा आमच्या भागात त्याला कोणी हरकत घेत नसे. कोणी हुतूतू म्हणे, कोणी हुडूडू म्हणे, जसं गाव तसा दम. धरमसिंगची हाक सुरू झाली की बाजारातली माणसं पिशव्या घेऊन मैदानाकडं वळत. आणि धावजी रेघेच्या टोकाशी बसून मांडीवर हळूहळू बोटं वाजवी.

महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी गाव आणि तांडा यांनी पहिल्यांदा एकत्र संघ काढला. त्याआधी दोघं एकमेकांविरुद्ध खेळायचे आणि खेळ डोकी फुटून संपायचा. गावातले बापूजी, मोठ्या जमिनीचे कास्तकार, त्यांनी आपलं पडीत रान मैदानासाठी सपाट करून दिलं. पकडीला गावची पोरं, चढाईला तांड्याची, असं जमलं. आणि त्या माघात, घाटंजीच्या सामन्यांत, बोरदरीचं नाव पहिल्यांदा कोणी नीट घेऊ लागलं. चार संघ होते: बोरदरी, घाटंजी, पांढरकवडा आणि आर्णी. प्रत्येकानं तिघांशी खेळायचं, बाजाराच्या दिवशी एक सामना. वरचे दोन संघ अंतिम सामन्याला. पहिला सामना बोरदरीनं जिंकला.

दुसऱ्या सामन्याला जाताना बापूजींच्या गाडीत शेवटच्या वेच्याचा कापूस भरला होता. बापूजी धुरेवर आणि धावजी वर कापसात रुतून बसलेला. दर खेपेला असंच जायचं आणि वाट सरेपर्यंत एकेक गडी सोलून काढायचा.

"रामलालले डाव्या कोपऱ्यात ठेवा, बापूजी. मधात ठेवला का तो म्हशीवानी बसते."

"म्हैस म्हण का अजून काही म्हण. त्यानं मांडी धरली तं सुटते का कोणी?"

"धरन तवा."

"अन् तुमचा देवसिंग? रेघ ओलांडली का पोरगं सासुरवाडीले गेल्यावानी करते. वापस याचंच नाव नाही."

"कवळा आहे. दम येईन त्याले."

"दम, दम," बापूजी म्हणाले. "धावजी, खेळ पायाचा आहे. तुहा भाचा पायानं मारते अन् तू त्याचं नरडं ऐकत बसतं."

"पाय तं बैलालेही चार असते. त्याले कोनी कबड्डी नाही खेळवत."

बापूजी हसले आणि बैलांना उगीच एक चाबूक दाखवला. हा वाद एकत्र संघ निघायच्या आधीपासून, तीन वर्षं चालला होता आणि दोघांनाही तो संपवायचा नव्हता.

त्या दिवशी यवतमाळहून नवा पंच आला होता. पांढरी विजार, गळ्यात शिटी. त्यानं खेळाआधी सांगितलं, की यापुढं सगळ्यांनी एकच शब्द म्हणायचा, कबड्डी. दुसरं काही म्हटलं तर गडी बाद. गड्यांनी माना हलवल्या. पण धरमसिंग चढाईला गेला आणि सवयीनं तोंडातून हूऽरो निघालं. शिटी वाजली. बाद. पुन्हा संधी आली तेव्हा त्यानं कबड्डी म्हणून सुरुवात केली, चार पावलांवर हाक आपोआप आली, आणि पुन्हा शिटी.

तेव्हा धावजी उठला.

तांड्यात भांडण झालं तर पंच आधी दोन्ही बाजू बसवतात. बोलणारा जोडे काढतो, बसलेल्या सगळ्यांना रामराम घालतो, बापजाद्यांची नावं घेतो आणि मग आपलं म्हणणं मांडतो. त्याचं संपेपर्यंत कोणी मध्ये तोंड घालत नाही. निकाल त्यानंतर. ऐकून न घेता निकाल देणारा पंच धावजीनं जन्मात पाहिला नव्हता. त्यानं रेघेशी जोडे काढले, लंगडत मैदानाच्या मध्यात गेला, हात जोडले, चारी बाजूंना रामराम घातला आणि सुरुवात केली. बापाचं नाव झालं, आजाचं नाव झालं. आजा कोणत्या वाटेनं मीठ आणायचा तिथवर तो आला, तेव्हा पंचाची शिटी वाजून वाजून थकली होती. लोक हसत होते. बाहेरचा माणूस मैदानात शिरला म्हणून समोरच्या संघाला एक गुण मिळाला.

बोरदरी तो सामना त्या एका गुणानं हरली.

परतताना गाडी रिकामी होती. बापूजी एवढंच म्हणाले, "हरलो ते हरलो. पांढरकवड्याले हरवलं तं अजूनही जमते." धावजी वयानं मोठा, त्याला तोंडावर कोण बोलणार. पण बापूजींच्या गोठ्यापुढं संध्याकाळी जी मंडळी बसायची, तिथं तो गेला की गड्यांची गोष्ट थांबून तुरीच्या भावाची सुरू व्हायची. दोन दिवस त्यानं तुरीचा भाव ऐकला. तिसऱ्या दिवसापासून जाणं सोडलं. एकदा दुरून त्यानं आपल्या भाच्याचं नाव कोणाच्या तरी तोंडी ऐकलं आणि वाट बदलून घरी आला. साठीच्या आसपास त्याच्याजवळ गमावण्यासारखी ही एकच बैठक होती.

तांड्यात घरचं बोलणं बंजाऱ्यांच्या गोरबोलीत चालतं. इथं ते आपल्या बोलीत सांगतो. एका दुपारी रुपीबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "धरमसिंग आलता."

"कायले?"

"सांगाले. या बाजाराले खेळत नाही म्हनते."

"काहून?"

"मामानं देल्ली हाक सोडून उतरलो तं मामाले लागन, म्हनते. अन् हाक घेऊन उतरलो तं तो शिटीवाला बाहेर काढते. त्यापरीस घरी बसतो, म्हनते."

"मी त्याले घरी बस म्हनलं का?"

"उतर तरी कधी म्हनलं?" रुपीबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "सारे तुमच्या तोंडाकडं पाहून राह्यले. कोनी इचारत नाही, तुमी बोलत नाही. अन् तुमी सकाळपासून बैलालेच वैरन टाकून राह्यले. फुगून मरतीन ते."

धावजीनं हातातली पेंढी खाली ठेवली. मग पागोटं बांधलं आणि निघाला.

धरमसिंग खळ्यावर तूर उफणत होता. मामाला पाहून त्यानं सूप खाली ठेवलं. मजबूत, कमी बोलणारा गडी. धावजी तुरीच्या भुसाशेजारी बसला.

"म्हन," तो म्हणाला.

"काय म्हनू, मामा?"

"तो शब्द. कबड्डी."

धरमसिंगनं धावत धावत म्हणून पाहिलं. खळ्याला एक फेरी पुरी व्हायच्या आत त्याचा दम सुटला. हाकेत श्वास तेलाच्या धारेसारखा बाहेर पडायचा. या शब्दात ओठ मिटायचे, जीभ आपटायची, श्वास ठेचकाळायचा. धावजीनं त्याला हा शब्द हाकेच्या चालीवर ओढून म्हणायला सांगितलं. तेही जमेना. मग धावजीनं स्वतः म्हणून पाहिलं आणि खोकल्याची उबळ येऊन डोळ्यांत पाणी आलं. धरमसिंगनं मडक्यातलं पाणी आणून दिलं.

पाणी पिऊन धावजीनं पागोट्याच्या शेवानं डोळे पुसले. खळ्याच्या मेढीला बांधलेला बैल भुसा हुंगत होता.

"माह्याजवळ हे नाही," शेवटी तो म्हणाला. "देवसिंगले येते. तो शाळेत शिकला. त्याच्याकडं जा."

"देवसिंगकडं? तो तं माह्याहून लहान आहे, मामा."

"त्याले म्हन, मामानं धाडलं. रोज सकाळी जाय. अन् हाक..." तो थांबला. "हाक मैदानात नेऊ नोको. मी सांगून राह्यलो."

धरमसिंगनं मान खाली घालून हो म्हटलं. धावजी उठला. घरी जाताना त्यानं वाटेत कोणाशी रामराम केला नाही, पण बापूजींच्या गोठ्यापुढून मात्र मुद्दाम गेला आणि उभ्या उभ्या सांगितलं, "धरमसिंग खेळते. कबड्डी म्हनून खेळते." कोणी तुरीचा भाव काढला नाही. बापूजींनी बाजेवर जागा केली. तो बसला नाही.

पांढरकवड्याचा संघ म्हणजे हैद्राबाद रस्त्यावरचे ड्रायव्हर, क्लीनर आणि त्यांचे भाईबंद. अंगानं दणकट आणि तोंडानं त्याहून. त्या बाजाराला धावजी गाडीत बसला नाही, पहाटेच पायी निघाला. रेघेच्या टोकाशी आपल्या जागेवर बसायचा त्याला धीर झाला नाही. तो मैदानाच्या पलीकडं, पांढरकवड्याच्या लोकांत जाऊन बसला. तिथं त्याला कोणी ओळखत नव्हतं. ते आपापल्या गड्यांना शिव्या देत होते, आणि प्रेमानं देत होते.

धरमसिंग पहिल्या चढाईला आला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. धावजीनं सवयीनं डोळे मिटले. ऐकण्यासारखं काही नव्हतं. तोच शब्द दोन्ही बाजूंचे गडी म्हणत होते, तोच कोरडा सूर. त्यानं डोळे उघडले.

शेजारचा एक क्लीनर आपल्या सोबत्याला म्हणत होता, "इसके पैर देख. आवाज पे मत जा. एडी कभी नीचे रखता ही नहीं."

धावजीनं पाहिलं. खरंच, धरमसिंगची टाच मातीला लागत नव्हती. तो बोटांवर उभा होता, नदीच्या दगडांवर पाय ठेवणाऱ्या माणसासारखा. डावा पाय पुढं टाकल्याचं दाखवी, समोरचा गडी तिकडं झुके, आणि मार उजव्या पायाचा बसे. मग सगळं अंग एका अंगठ्यावर फिरे आणि तो रेघेकडं परते. हे तो आज शिकला नव्हता. वर्षानुवर्षं तो असाच खेळत होता आणि धावजी तीन हातांवर डोळे मिटून बसलेला होता.

सामना अटीतटीचा झाला. देवसिंग दोनदा तिकडंच राहिला. रामलालनं त्यांच्या सर्वांत मोठ्या ड्रायव्हरला मांडीत धरलं आणि शिटी होईपर्यंत सोडलं नाही. शेवटी शेवटी धरमसिंगचा दम अपुरा पडू लागला. तीन पावलं आत गेला की त्याला परतावं लागे. तेवढ्या तीन पावलांत जे मिळेल ते त्यानं पायानं घेतलं. बोरदरी दोन गुणांनी जिंकली आणि अंतिम सामन्यात गेली.

माणसं मैदानात धावली. धावजी रेघेपाशी आला आणि थांबला. धरमसिंग गर्दीतून बाहेर आला, घामानं आणि मातीनं माखलेला.

"मामा, कुठी बसले होते? टोकाशी दिसले नाही."

"तिकडं होतो. तिकडून चांगलं दिसते."

परतीच्या वाटेवर धावजी बापूजींच्या गाडीत बसला. सरकी आणि मीठमिरचीच्या पोत्यांना टेकून त्यानं बोलायला सुरुवात केली ती थांबेना. टाच कशी वर असते, डावा पाय कसा खोटा असतो, अंगठ्यावर कसा फिरते. रामलाललेही पाय उचलाले शिकवा, म्हशीवानी रोवून उभा राहते. देवसिंगचा तं पायच त्याले माहीत नाही कोठी चालला.

बापूजी बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "हेच मी तीन वर्सापासून सांगून राह्यलो."

"तुमी सांगितलं, बापूजी. दाखवलं नाही."

"तुहे डोये मिटलेले राहत. काय दाखवू?"

चाकोरी फुटते तिथं बैल आपसूक वळले. ऊन उतरलं होतं आणि पळसाला फुलं येऊ घातली होती.

"अंतिमले आर्णीवाले आहेत," थोड्या वेळानं तो म्हणाला. "आपल्यानंतरचा सामना पाह्यला मी त्यांचा. तो उजव्या कोपऱ्यातला उंच गडी सगळा भार एकाच पायावर देते. धरमसिंगनं डाव्या अंगानं शिरलं तं तो पडते."

"अन् दम कसा आहे त्याचा?"

"कोनं ऐकला?" धावजी म्हणाला.